जरा हात लावता का?

रविवारी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास आमच्या मंडळाच्या हॉलवरून जाणाऱ्याने एक काळजी घ्यावी. दारात पांढरा हाफ शर्ट घातलेले, सतरंजीचं एक टोक हातात धरून उभे असलेले गृहस्थ दिसले, तर नजर खाली घालून चालू लागावं. नजरेला नजर मिळाली की ते म्हणणार, "जरा हात लावता का?" सतरंजीला दुसरं टोक असतं हा त्यांचा युक्तिवाद, आणि तो बिनतोड आहे. अकरा वर्षांपूर्वी मी पावसात तिथे आडोशाला थांबलो होतो. हात लावला. उपासना संपेपर्यंत सभासदत्वाचा फॉर्म भरून झाला होता, पुढच्या वर्षी मी सहचिटणीस झालो आणि सध्या खजिनदार आहे. पाऊस त्या दिवशी पंधरा मिनिटांतच थांबला होता.

त्यांना आम्ही सगळे चिटणीसकाका म्हणतो. खरं नाव मुद्दाम सांगत नाही. पुण्यात कुणाचं नाव छापलं की पुढच्या अंकात खुलासा येतो, आणि काकांचा खुलासा पोटकलमांसह येईल. मंडळाचंही नाव नको. प्रार्थना समाजाच्या वळणाचं, मूर्ती नाही, पुरोहित नाही, दर रविवारी जमून एका निराकार देवाची उपासना करणारं एक छोटं मंडळ, एवढं पुरे. उद्बोधन, स्तवन, प्रार्थना, उपदेश, मध्ये तुकोबांचे अभंग आणि शेवटी चहा. यातलं शेवटचं सोडून बाकी सगळं काकांना ऐकू येतं, पण बाहेरून. ते चपला सरळ करत असतात.

चपलांच्या वरची पाटी काकांच्याच हस्ताक्षरात आहे: "देव सर्वत्र आहे. चपला मात्र डावीकडेच काढाव्यात."

काकांना कुठलाही प्रश्न विचारा, उत्तर १८६७ पासून सुरू होतं. "काका, पंखा का बंद आहे?" "असं बघा, ३१ मार्च १८६७ला मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंगांच्या घरी मंडळी जमली..." मग न्यायमूर्ती रानडे येतात, डॉ. भांडारकर येतात, आणि ते येईपर्यंत विचारणाऱ्याला उकडेनासं होतं. काकांच्या लेखी हा इतिहास नाही, मागच्या मीटिंगचं इतिवृत्त आहे, आणि ते कायम करून घ्यायचं राहून गेलेलं आहे.

हजेरीच्या वहीचंच घ्या. आमची हजेरीची वही लोखंडी कपाटात, कुलपात असते. तेवीस माणसांच्या हजेरीला एवढा बंदोबस्त कशाला, असं मी एकदा विचारलं. काकांनी आवाज खाली आणला. प्रार्थना समाजाच्या आधी, १८४९ साली, मुंबईत परमहंस सभा निघाली होती. दादोबा पांडुरंग वगैरे मंडळी. जातिभेद मोडायचा, पण गुपचूप. सगळे एकत्र बसून पाव खायचे आणि घरी जाऊन काही झालंच नाही असा चेहरा करायचे. तर १८६०च्या सुमारास त्यांची सभासदांची यादी चोरीला गेली, नावं फुटली, सभा मोडली. "म्हणून कुलूप," काका म्हणाले. दीडशे वर्षांपूर्वीच्या चोरीची फिर्याद अजून मनात चालू असलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

चहाचीही तीच गोष्ट. चहात आलं जास्त झालं अशी कुणी तक्रार केली, की काका १८९० सालात शिरतात. त्या साली पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली. पाहुण्यांत रानडे होते, टिळक होते. पुढे गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि प्रकरण थेट शंकराचार्यांपर्यंत गेलं. प्रायश्चित्तं घ्यावी लागली. "एका कपासाठी रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलंय," काका म्हणतात, "आणि तुम्हाला आलं जास्त वाटतं?" माणूस निमूट दुसरा कप घेतो.

हा चहा काकांच्या घरून येतो. म्हणजे काकूंकडून. काकूंच्या स्वयंपाकघरात व्यवस्थित देवघर आहे, बाळकृष्ण आहे, अन्नपूर्णा आहे, गणपती दहा दिवसांचा असतो. काकांचं एकेश्वरीपण उंबऱ्याबाहेर सुरू होतं. रानड्यांच्या काळापासून या चळवळीवर हाच आक्षेप आहे, तेव्हा काकांना त्याचं काही वाटत नाही. काकू मात्र एकदा थर्मासचं झाकण घट्ट करता करता मला म्हणाल्या, "ह्यांच्या देवाला नैवेद्य लागत नाही हो. पण त्याच्या माणसांना दर रविवारी लागतो."

आता यात एक मेख आहे आणि ती समजायला मला बरीच वर्षं लागली. मूर्तीच्या देवळाची एक सोय असते. देव तिथे आधीपासूनच असतो. कुणी नाही आलं तरी देऊळ रिकामं म्हणता येत नाही. निराकार देवाचं तसं नाही. माणसं जमली तर उपासना, नाही तर नुसता हॉल. त्यातून नवस नाही, प्रसाद नाही, रांग नाही, माणसं यावीत असं एकही आमिष नाही. अशा ठिकाणी साडेपाचला कुलूप उघडणारा माणूस लागतो. पुरोहित काढून टाकले म्हणून आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. पण पुरोहित निदान दक्षिणा तरी घ्यायचे. हे गृहस्थ उलट रिक्षाचे पैसे स्वतःच्या खिशातून देतात आणि पावती मागितली तर रागावतात.

काकांचे विधी ठरलेले आहेत. सतरंजी घालताना निळी पट्टी भिंतीकडे. गुंडाळताना आधी चार बोटं आत दुमड, मग वळकटी, मग नाडी, आणि नाडीची गाठ सुरगाठच; निरगाठ मारणाऱ्याला पुन्हा सोडायला लावतात. पेटीची एक पट्टी दाबली की खालीच बसते, तिच्यासाठी खिशात आगपेटीची काडी. माईक लागत नाही, कारण तेवीस माणसं. पण माईक तपासायचा असतो, कारण तो आहे. आणि सगळ्यांत महत्त्वाचा विधी म्हणजे शिरगणती. प्रार्थनेत सगळ्यांनी डोळे मिटले की काका दारातून माणसं मोजतात. "त्या वेळी कुणी हलत नाही," हे कारण. अकरा वर्षांत काकांनी डोळे मिटलेले मी पाहिलेले नाहीत. अर्थात हे मला कसं कळलं, असा प्रश्न काकांनी एकदा विचारला होता, तेव्हापासून मी तो विषय काढत नाही.

वार्षिक सभेच्या नोटिशीत त्यांचं आवडतं वाक्य असतं: गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच जागी भरेल व तिला गणसंख्येची अट राहणार नाही. एका श्रावणात धो धो पावसात उपासनेला काका, पेटीवाल्या बाई आणि मी असे तिघेच होतो. काकांनी घड्याळ पाहिलं. "अर्धा तास थांबू." अर्ध्या तासानंतरही आम्ही तिघेच होतो, पण आता कायदेशीर होतो.

कायद्यावर त्यांची श्रद्धा देवाइतकीच आहे, आणि कारण सरळ आहे. देव हिशोब मागत नाही, धर्मादाय आयुक्त मागतात. विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट, वर्ष संपलं की ऑडिट. निराकाराच्या खात्यावर चहापूड, साखर आणि सतरंजीची धुलाई असा खर्च पाहून ऑडिटर दर वर्षी भुवई वर करतात आणि काका दर वर्षी १८६७ पासून सुरू करतात. आता ऑडिटर भुवई वर करत नाहीत.

हे सगळं वाचून काका म्हणजे नुसते वही-किल्ली-सतरंजी, असं वाटेल. आमच्याकडे एक निवृत्त शिक्षिका यायच्या. एकट्या. सतरंजीच्या डाव्या कोपऱ्यात बसायच्या, भिंतीला टेकून. त्या आजारी पडल्या तेव्हा हॉस्पिटलात रात्रीच्या पाळ्या लावणारं कोष्टक काकांनी केलं, आणि ज्या रात्रींना नाव मिळालं नाही तिथे स्वतःचं घातलं. पहाटे त्या गेल्या. वैकुंठ स्मशानभूमीत आम्ही अभंग म्हणत होतो, एक ज्येष्ठ सभासद चार शब्द बोलले, आणि काका कुठे दिसतच नव्हते. ते अंत्यविधीच्या पासाच्या खिडकीपाशी होते. खर्चाच्या वहीत त्यांनी लिहिलं: "रुग्णभेट, चहा २ कप." पुढच्या रविवारी मी खजिनदार या नात्याने हजेरी पडताळली. मी मोजले बावीस, वहीत तेवीस. मी दाखवलं. "चुकलं असेल," काका म्हणाले आणि तेविसाचे बावीस केले. काकांचं मोजणीत चुकत नाही.

गेल्या वर्षी काका तीन महिने मुलीकडे अमेरिकेत गेले. मुलगी बोस्टनजवळ राहते. तिथे युनिटेरियन चर्च आहे हे कळल्यावर काकांना माहेरी निघाल्यासारखं झालं. युनिटेरियन म्हणजे देव एकच, तीन नव्हे, असं म्हणून ख्रिस्ती घराण्यातून वेगळी चूल मांडलेली मंडळी. आमचे विलायती चुलते. याच मंडळींच्या शिष्यवृत्तीवर महर्षी विठ्ठल रामजी शिंदे १९०१ साली ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले, १९०३मध्ये परत येऊन प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले आणि १९०६मध्ये त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं. "चुलत्यांचं देणं आहे आपल्यावर," असं म्हणून काकांनी बॅगेत दोन किलो चिवडा भरला.

जाताना त्यांनी किल्ल्या चौघांत वाटून दिल्या होत्या. पहिल्या रविवारी आम्ही चौघेही वेळेवर आलो. चौघांकडेही कपाटाची किल्ली होती.

काका परतले तेव्हा हॉल भरला होता. तिकडचं प्रवचन कसं असतं, धर्मविचार कुठवर आलाय, हे सगळ्यांना ऐकायचं होतं. काकांनी चष्मा लावला आणि टिपणवही उघडली. तिकडे खुर्च्या एकावर एक रचून ढकलायची चाकांची गाडी आहे. उपासनेच्या सुरुवातीला एका पेल्यात ज्योत पेटवतात. वात कसली हे त्यांनी जवळ जाऊन पाहिलं. नंतर कॉफी असते, आणि कप धुण्याची पाळी भिंतीवर लावलेली असते, नावांसकट. युनिटेरियन आणि युनिव्हर्सलिस्ट या दोन संस्था १९६१मध्ये एक झाल्या, हे सांगताना काकांचा आवाज जरा हलला. पुण्यात त्यांनी एका संस्थेच्या दोन झालेल्या पुष्कळ पाहिल्या होत्या. दोहोंची एक झालेली ते आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते.

"आणि प्रवचन?" कुणीतरी विचारलं.

"चांगलं असणार," काका म्हणाले. "मी कप धूत होतो."

एक प्रथा मात्र त्यांनी बरोबर आणली. १९२३मध्ये प्रागच्या नॉर्बर्ट चापेक नावाच्या युनिटेरियन धर्मगुरूंनी सुरू केलेली. प्रत्येकाने एक फूल आणायचं, सगळी फुलं एकत्र ठेवायची आणि जाताना दुसऱ्या कुणाचं तरी घेऊन जायचं. आपणही करू, असं काका म्हणाले. कार्यकारिणीत तास गेला. आज फूल आलं, उद्या हळदकुंकू येईल, असं एका ज्येष्ठांचं मत पडलं. दुसऱ्यांनी व्यवहाराचा मुद्दा काढला: पुण्यात फुलं आणा म्हटलं की लोक सकाळी फिरायला जाताना दुसऱ्याच्या कंपाउंडातून आणतात. अखेर ठराव झाला की फूल स्वतःच्या कुंडीतलं असावं. सूचक मी होतो. माझ्याकडे कुंडी नाही. पण काका माझ्याकडे बघत होते.

काका परतले त्या दिवशी त्यांच्या मुलीने पाठवलेले फोटो मोबाईलवर हातोहात फिरले. आमच्या वार्षिकोत्सवाच्या एकाही फोटोत काका नाहीत. सगळे रांगेत उभे राहिले की ते फोटोवाल्याच्या मागे जाऊन "जरा सरका, जरा सरका" करतात. बोस्टनच्या फोटोतही नव्हते. चर्चच्या पायऱ्यांवर तिकडची मंडळी हसत उभी. काकूच बारकाईने बघत होत्या. "हे बघा," त्या म्हणाल्या. फोटोच्या अगदी कडेला एक लांब टेबल दारातून बाहेर निघत होतं. एका टोकाला राखाडी स्वेटरचं कोपर, ते काकूंनी विणलेलं. दुसऱ्या टोकाला एक लालसर, ठिपक्याठिपक्यांचा म्हातारा हात.

"हे कोण हो?" मी विचारलं.

"नाव विचारायचं राहिलं," काका म्हणाले. "पण टेबल दाराशी आल्यावर त्याने न सांगता तिरकं केलं."

अकरा वर्षांत एवढं मोठं सर्टिफिकेट काकांनी आमच्यापैकी कुणालाही दिलेलं नाही.