घोडा कोणता, ते आधी सांगा

धार-देवासच्या पवारांचं राज्य घोड्याच्या पाठीवरून आलं. 1728 मध्ये चिमाजी अप्पांची फौज नर्मदा ओलांडून अमझेऱ्याला भिडली, तेव्हा उदाजी पवार तिच्यात होते. अमझेरा आज धार जिल्ह्यात आहे. त्या मजलांचे पोवाडे आपण गातो. घोडा कुणाचा होता, हे कोण विचारतं?

तेव्हा विचारत होते. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारचा. घोडा पडला तर घर कुणाचं बुडणार, ते यावरून ठरायचं.

उत्तरेत अलाउद्दीन खिलजीनं आणि पुढे अकबरानं घोड्यांना डाग देणं सक्तीचं केलं. का? हजेरीला उसना घोडा उभा करून सरदार पैसे उचलत. चोरी घोड्याची नव्हती, आकड्याची होती.

आज लांब पल्ल्याच्या शर्यतीत घोडा 160 किलोमीटरपर्यंत पळतो. टप्प्याटप्प्याला पशुवैद्य, मिनिटाला 64 ठोक्यांची मर्यादा, लंगडतो का याची तपासणी. सगळं चोख. पण ठोके मोजले ते कोणत्या घोड्याचे?

पुठ्ठ्यावर रंगवलेला क्रमांक? तो कुठल्याही पुठ्ठ्यावर रंगवता येतो.

रंग? काळसर जन्मलेली काही शिंगरं काही वर्षांत पांढरीशुभ्र होतात. कागद मात्र काळाच राहतो.

कपाळावरचा पट्टा, पांढरे पाय? सारंगखेड्याच्या घोडेबाजारात दोन पंचकल्याणी शेजारी उभे राहिले, की वर्णन संपलं.

केसांचे भोवरे बरे. ते बदलत नाहीत, म्हणून घोड्याच्या पासपोर्टमधल्या आकृतीवर त्यांच्या जागा टिपतात. आपण मात्र भोवऱ्यात मालकाचं नशीब शोधत बसतो.

उरते चिप. तांदळाच्या दाण्याएवढी, मानेत आयाळीखाली, पंधरा अंकी क्रमांकाची. आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघानं 2013 पासून नव्यानं नोंदल्या जाणाऱ्या घोड्यांना ती सक्तीची केली. पण चिप स्वतःहून बोलत नाही. रीडर खोक्यातच राहिला, तर तिचा उपयोग काय?

शर्यतीच्या आदल्या दिवशी चिप एकदा वाचून भागत नाही. बदलायचाच असेल, तर घोडा वाटेतही बदलता येतो.

हा नुसता कागदांचा सोस आहे का? मुळीच नाही. मजल जितकी लांब, तितकी नंतरची सक्तीची विश्रांती मोठी. लंगडून बाद झाला, तर आणखी मोठी. ही विश्रांती घोड्याच्या नावावर लिहिलेली असते. नाव बदललं, की थकलेलं जनावर पुन्हा मैदानात. दंड भरता येतो. मोडलेला पाय कोण भरून देणार?

ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाचंही तेच. रक्ततपासणीचा दाखला ‘तपकिरी घोडा, कपाळावर टिळा’ एवढंच सांगत असेल, तर तो निम्म्या तबेल्याला लागू पडेल. रोग दाखला वाचून थांबत नाही.

म्हणून प्रत्येक टप्प्यावर आधी चिप वाचा, मग नाडी बघा. क्रमांक जुळला नाही तर घोडा तिथेच थांबवा.

स्वार कितीही मोठ्या घरचा असो.