चिलखत, अस्तर आणि खिसा : एक शास्त्रोक्त विवेचन

१. विषयप्रवेश

प्रस्तुत प्रबंधाचा उगम बेळगावच्या अनगोळमधील एका सोप्यात, लाइट गेली असताना झाला. घरात उजेड देणारी एकच वस्तू शिल्लक होती, ती म्हणजे भाच्याचा मोबाइल. त्यावर बर्फाच्या डोंगरात दोन योद्धे उभे होते. पुरुष योद्धा टाळूपासून टाचेपर्यंत लोखंडात. शेजारच्या बाईच्या अंगावर लोखंडच होते, पण दोन वाट्या आणि एक पट्टा एवढेच. मी विचारले, "तिला थंडी वाजत नाही काय रे?"

"आत्या, गेम हाय की ते."

हे उत्तर आम्ही सदर संशोधनाचे प्रथम गृहीतक म्हणून नोंदवून घेतले.

२. व्याख्या

चिलखत म्हणजे घाव अडवणारे वस्त्र. स्त्री-चिलखत म्हणजे घाव सोडून बाकी सारे अडवणारे वस्त्र. विशेषतः बघणाऱ्याची नजर. शब्द एकच असला तरी वस्तू दोन आहेत, हे पुढे सिद्ध होईल.

३. मोजमाप

शास्त्राला माप लागते. म्हणून आम्ही त्या चित्राचा स्क्रीनशॉट घेऊन दोन गल्ल्या पलीकडच्या शिलाईवाल्या मावशींकडे गेलो. वडगाव-खासबागच्या मागावरच्या साड्यांना फॉल-पिको करण्यात त्यांची हयात गेली आहे. त्यांनी चष्मा लावला, मोबाइल लांब धरला, मग जवळ धरला.

"साध्या ब्लाउजला ऐंशी सेंटिमीटर लागतंय. हे चाळिसात बसंल, वर पट्टीबी उरंल." क्षणभर थांबून त्या म्हणाल्या, "पण अस्तर कुठं हाय? लोखंड उन्हात तापलं म्हणजे?" आणि मग बोटाने चित्र मोठे करून, "तलवार हाय, बाटल्या हाईत, किल्ल्या हाईत. हे सगळं ठेवतीया कुठं? खिसा कुठं हाय हिला?"

खिशाचा प्रश्न आम्ही उपसंहारासाठी राखून ठेवीत आहोत.

४. पहिला सिद्धांत : वस्त्रहरणाचे दोन अर्थ

१९८५ साली आलेल्या 'घोस्ट्स अँड गॉब्लिन्स' या जपानी खेळात आर्थर नावाचा सरदार असतो. पहिला फटका बसला की त्याचे चिलखत गळून पडते आणि तो नुसत्या चड्डीवर पळू लागतो. दुसरा फटका बसला की मरतो. म्हणजे पुरुषाचे कपडे उतरणे ही शिक्षा आहे, फजिती आहे आणि मरणाची पूर्वसूचना आहे.

पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, 'मेट्रॉइड' आला. त्यात चिलखतातला वीर शेवटी बाई निघते, नाव सामुस. तिचे बाईपण कळण्याची सोय मात्र घड्याळावर टांगलेली. खेळ पाच तासांच्या आत संपवला तर ती शिरस्त्राण काढते. तीन तासांच्या आत संपवला तर चिलखतही जाते. एका तासाच्या आत संपवला तर उरते बिकिनी. म्हणजे विश्व तिने वाचवायचे आणि बक्षीस खेळणाऱ्याने घ्यायचे.

दोन्ही खेळांत चिलखत उतरते. पुरुषाचे उतरते तेव्हा तो हरलेला असतो, बाईचे उतरते तेव्हा ती जिंकलेली असते. सिद्धांत असा : खेळात पुरुषाचे वस्त्र ही ढाल असते, स्त्रीचे वस्त्र हा पडदा असतो. ढाल पडली की लोक हळहळतात, पडदा उघडला की टाळ्या पडतात.

उपसिद्धांत : शरीरच नसले तरी सुटका नाही. १९८२ ची 'मिस पॅक-मॅन' म्हणजे एक पिवळी चकती. तिलाही लिपस्टिक आणि डोक्याला लाल बो. तिच्या यजमानांना साधी मिशीही काढलेली नाही.

५. दुसरा सिद्धांत : गडी फुकट, बाई विकत

२०१५ साली अमेरिकेतल्या एका बारा वर्षांच्या मुलीने मोबाइलवरचे पळापळीचे ५० लोकप्रिय खेळ तपासले आणि निष्कर्ष 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये छापून आणले. ज्या खेळांत पात्र मुलगा की मुलगी हे ओळखू येत होते, त्यांतल्या ९८ टक्क्यांत मुलगा होता, ४६ टक्क्यांत मुलगी. फुकट मुलगा ९० टक्क्यांत मिळे, फुकट मुलगी फक्त १५ टक्क्यांत. बाकी ठिकाणी मुलगी हवी तर पैसे मोजा. लेख गाजला आणि 'टेंपल रन'वाल्यांनी बाईही फुकट देण्याचे कबूल केले.

आमच्या भागातल्या लग्नाच्या बैठकी पाहिलेल्यांना हा भाव उलटा वाटेल. इथे पैसे मोजले जातात ते नवऱ्यासाठी. बारकाईने पाहता मात्र दोन्हीकडचा हिशेब जुळतो : खर्च मुलीच्याच खात्यावर पडतो.

६. आक्षेप आणि त्यांचे निरसन

आक्षेप पहिला : गडीही अतिशयोक्तच असतात, दंड बघा. मान्य. पण तो दंड गदा उचलायला दिलेला आहे.

आक्षेप दुसरा : अंगभर कपड्यात लढता येत नाही. आक्षेपकाने अनगोळहून चन्नम्मा सर्कलला जावे. तिथे कित्तूरची राणी घोड्यावर बसलेली आहे, अंगभर साडीत. ऑक्टोबर १८२४ मध्ये कित्तूरच्या लढाईत कंपनीचा कलेक्टर थॅकरे पडला, तो राणीचा पदर आखूड होता म्हणून नव्हे.

आक्षेप तिसरा : बाई नायक असलेले खेळ विकले जात नाहीत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स कंपनीने २०२० मध्ये 'राजी' बाजारात आणला. त्यात सर्कशीतली एक मुलगी दुर्गेचा त्रिशूळ घेऊन असुरांशी लढते, कारण तिचा धाकटा भाऊ गोलू पळवला गेला आहे. इथे राखी बांधणारीच रक्षण करते आणि बांधून घेणारा सुटकेची वाट बघतो. हा खेळ देशोदेशी खेळला गेला. भाऊबीजेच्या ओवाळणीचे काय करायचे, एवढा प्रश्न मात्र त्यात सुटलेला नाही.

७. प्रतिप्रयोग

'गेम हाय की ते' हे गृहीतक तपासण्यासाठी आम्ही त्याच सोप्यात आठवडाभर निरीक्षण केले. भाच्याची थोरली बहीण क्लासला निघाली की घरातून सूचना येत : ओढणी नीट घे, बाही एवढी कशाला, गळा मागून खोल दिसतोय. सूचना करणाऱ्यांत मोबाइलवाला भाचाही होता. बोटाखालची बाई बर्फात उघडी आणि दारातली बहीण मे महिन्यात गुंडाळलेली, हे दोन्ही त्याला एकाच वेळी रास्त वाटत होते.

यात विसंगती नाही. कापड कमी की जास्त हा मुद्दाच नव्हे. दोन्हीकडे टेप दुसऱ्याच्या हातात आहे आणि जिचे माप घेतले जाते तिला कोणी विचारलेले नाही.

८. उपसंहार : खिसा

गेल्या महिन्यात भाची स्वतःच मावशींकडे गेली. कापड तिचे, गळा तिने सांगितलेला, बाही तिने सांगितलेली. शेवटी म्हणाली, "आणि मावशी, खिसा पायजे. मोबाइल बसंल एवढा खोल."

मावशींनी वहीत लिहून घेतले. त्याच कापडातून भाच्याचा कुर्ताही शिवायचा होता. त्याला दोन खिसे, न सांगता.

बिल आले तेव्हा आम्ही संशोधक वृत्तीने ते वाचले. भाच्याच्या कुर्त्याच्या ओळीत नुसती शिलाई होती. भाचीच्या ओळीखाली वेगळी ओळ होती : खिसा, वीस रुपये.

भाचीने वीस रुपये मोजले, मोबाइल खिशात टाकला आणि दोन्ही हात मोकळे सोडून घरी चालत आली.