नाकाच्या भरवशावर निजू नये

पांढुर्ण्याचे आमचे मामा छातीवर हात ठेवून सांगतात, "आपलं नाक रातभर जागं राह्यते गा!" सकाळी चहाच्या वासानं आपण आपोआप उठतो, असा त्यांचा दावा आहे. मामीचं म्हणणं निराळं. चहा ठेवताना ती पातेलं आपटते, फडताळाचं दार वाजवते आणि वर दोनदा "उठा नं जी" म्हणते. श्रेय मात्र वासाला जातं. एकदा तिनं अजिबात आवाज न करता अद्रकाच्या वाफाळत्या चहाचा कप मामांच्या नाकाशी धरला. वाफेनं मिशी ओली झाली, घोरणं त्याच सुरात चालू. मग तिनं स्टीलची बशी फरशीवर टाकली. मामा ताडकन उठून बसले आणि म्हणाले, "अद्रक जास्त झाला वाटते."

मामीच्या या प्रयोगाला अमेरिकेचाही पाठिंबा आहे. ब्राउन विद्यापीठातल्या मेरी कार्स्काडन आणि रेचल हर्ट्झ या दोघींनी झोपलेल्या तरुण मंडळींना पुदिन्याचा आणि पिरिडीन नावाच्या एका घाणेरड्या रसायनाचा वास देऊन पाहिला. नुकता डोळा लागलेला असताना माणसांना वास जाणवला. गाढ झोपेत मात्र सुगंध आणि दुर्गंध दोघांचीही डाळ शिजली नाही. आवाज केला तेव्हा मंडळी उठली. वासाच्या जोरावर आगीची सूचना देता येणार नाही, असा निष्कर्ष त्यांनी 2004 साली छापला.

म्हणजे झोपेत नाक बंद पडतं असं नाही. बाकी इंद्रियांचे निरोप मेंदूत थॅलॅमसच्या नाक्यावरून पुढे जातात. वास तो नाका टाळून, मागच्या दारानं येणाऱ्या सोयऱ्यासारखा थेट भावना आणि आठवणींच्या खोलीत शिरतो. तिथं तो स्वप्नाचा रंग बदलतो, पण घरच्यांना उठवायच्या भानगडीत पडत नाही.

याचा पुरावा आमच्या सौंसरच्या वाड्यांमध्ये दरवर्षी मिळतो. आंबिया बहार फुलला की संत्र्याच्या फुलांचा वास रस्त्यापर्यंत येतो. शहरातला पाहुणा गाडी थांबवून डोळे मिटतो. आमचे काका त्याच झाडांखाली, रात्रीच्या लाइनवर ओलित करता करता, बाजेवर निवांत घोरत पडलेले असतात. त्या घमघमाटानं त्यांची कूससुद्धा बदलत नाही. मोटार बंद पडली की मात्र त्याच क्षणी डोळे उघडतात: "लाइन गेली काय रे?" मोटारीचा आवाज थांबलेलाही त्यांच्या कानांना कळतो.

आता कोणी विचारील, मग लाल मिरचीच्या फोडणीनं अख्खं घर खोकत कसं उठतं? ते काम वासाचं नव्हेच. मिरचीची झोंबणी ट्रायजेमिनल नावाच्या वेगळ्या मज्जातंतूकडून मेंदूला कळते. तिची गणना वेदनेत होते. जपानी संशोधकांनी याच तत्त्वावर, हवेत वासाबीची झणझणीत फवारणी करून झोपलेल्यांना उठवणारं आगीचं यंत्र बनवलं आणि 2011 सालचा इग नोबेल पटकावला. आमच्या घरी हे यंत्र आजीच्या काळापासून लोखंडी कढईत चालू आहे. पेटंट घ्यायचं तेवढं राहून गेलं.

आमच्याकडच्या जामसावळीच्या देवळातला मारुती तर पहुडलेलाच आहे. शेंदूर, तेल, उदबत्त्या, कापूर, सगळा दरवळ त्याच्याभोवती असतो आणि देवाची विश्रांती अबाधित असते. देवाला हाक मारायची तर भाविकाचा हात घंटेकडेच जातो. आपल्या पूर्वजांनी पहाटेची काकडआरतीसुद्धा टाळ-मृदंग घेऊनच करायची ठरवली, नुसता धूप फिरवून भागवलं नाही.

चेष्टा पुरे, आता एक कामाची गोष्ट. स्वयंपाकाच्या गॅसला मूळचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन हे उग्र वासाचं द्रव्य मुद्दाम मिसळतात. पण तो इशारा जाग्या नाकासाठी आहे. गाढ झोपलेल्या माणसाला तो उठवीलच याचा नेम नाही. म्हणून रात्री निजण्याआधी रेग्युलेटर बंद करा, आणि ऐपत असेल तर गळती होताच जोरात वाजणारा भोंगा स्वयंपाकघरात लावून घ्या.