मोजकेच बोल्ट

टाटा 407 चं फ्लायव्हील घरच्या अंगणात काढणं अवघड नाही. मोजकेच बोल्ट असतात. त्यांच्यापर्यंत पोचायचं, एवढंच. बॅटरीची वायर सोडा, प्रोपेलर शाफ्ट उतरवा, स्टार्टर काढा, क्लचची जोडणी सोडवा आणि मग गिअरबॉक्स. तो छातीवर झेलणारे बहाद्दर आहेत. त्यांच्या घरी बामची बाटली टिकत नाही. गाडी कशावर टेकवली आहे, हे विचारू नये. स्टँडला पैसे पडतात, विटा मात्र बांधकामातून उरलेल्याच असतात. दाबाखाली वीट अचानक फुटते, हे घरच्यांना आधीच सांगून कशाला घाबरवा?

प्रेशर प्लेट, क्लच प्लेट निघाली की फ्लायव्हीलचं दर्शन होतं. पाना लावावा तर बोल्ट ढिम्म, क्रँकशाफ्ट मात्र खुशाल गोल फिरतो. रिंग गिअरच्या दात्यांत अडकवायचं खास हत्यार मिळतं. आपल्याकडे त्या जागी मेव्हणा आणि स्क्रू ड्रायव्हर असतो. भिंतीपलीकडून काका ओरडतात, "अरे, गिअरात टाक ना गाडी!" गिअरबॉक्स तेव्हा तुळशीवृंदावनाशेजारी गोणपाटावर तेल गाळत पडलेला.

शेवटचा बोल्ट सुटला की बिडाचा तो जड तवा सरळ खाली येतो. म्हणून जाणते मिस्त्री एक बोल्ट अर्धवट अडकवून ठेवतात. मेव्हण्याला हे कुणी सांगितलेलं नसतं.

फिटरची मजुरी मात्र वाचली. आता जोडणी, उलट क्रमाने. बोल्ट ठरल्या टॉर्कलाच आवळायचे असतात, आणि टॉर्क रेंच फिटरकडे आहे.