देवाचा हजेरीपट

पोरांचा देवावरचा विश्वास उडाला, अशी रहिमतपुरातल्या जाणत्यांना काळजी आहे. ही काळजी बहुधा चौंडेश्वरीच्या देवळाबाहेर, पायातल्या चपला न काढताच वाहिली जाते. इंग्लंडातलं चर्च निदान डोकी मोजून आकडे छापतं. आपल्या देवानं हजेरीपट ठेवलाच नाही, त्यामुळे गैरहजर नेमकं कोण, हा वाद मिटत नाही. पोरं पुण्याला कामाला. मंगळवारचं दर्शन स्टेटसवर. पौषात मात्र पालीच्या खंडोबाला सगळी हजर, भंडाऱ्यानं पिवळीधमक. फक्त तोंड मोबाइलकडे आणि पाठ देवाकडे. उरलेली भक्ती एमपीएससीच्या खात्यात. परीक्षा पुढं ढकलली, की नवसही मुदतवाढ मागतो. आणि तेवढ्यापुरतं म्हातारेही म्हणतात, पोरगं सुधारलं हो!