आठ बाय चार

प्लायवुडची शीट ८ फूट बाय ४ फूट असते आणि माणसाला घरात हवी असलेली एकही वस्तू ८ बाय ४ नसते. फर्निचरच्या कामातली निम्मी भांडणं इथून सुरू होतात. उरलेली सनमायकाच्या रंगावरून.

कपाटाचं दार घ्या. उंची ७ फूट, रुंदी २१ इंच. शीटच्या रुंदीत अशी दोन बसतात, बाजूला ६ इंचांची लांबलचक पट्टी उरते आणि वर फूटभर जागा. मग दार २४ इंचांचंच करू, बरोब्बर दोन निघतील, असं कुणीतरी सुचवतंच. त्या शहाण्याला कटरचं पातं ठाऊक नसतं. दर कापाला ते तीनेक मिलिमीटर लाकूड स्वतःच गिळतं आणि त्याचा भुसा करून आपल्या गाद्यांवर पसरतं. लहान दारं तरी आडवी बसवून पाहावीत, तर सनमायकाच्या रेघा उभ्याच हव्यात, अशी घरातून सक्त ताकीद.

आमच्याकडे कपाटं निघाली तेव्हा भाच्याने हा प्रश्न संगणकाला घातला. प्रश्न गणितात नामांकित आहे. तुकडे वाढले की मांडण्या अशा बेसुमार वाढतात, की सर्वांत चांगली मांडणी हमखास आणि झटपट सापडेल अशी रीत अजून कुणाला गवसलेली नाही. तरी संगणकाने एक देखणं चित्र काढलं : मधे एक चौकोन आणि त्याच्याभोवती एकमेकांच्या शेपट्या धरून बसलेले चार लांब तुकडे. मिस्त्रींनी ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"झकास आहे," ते म्हणाले. "पहिला काप कुठून घेऊ?"

कटर या कडेपासून त्या कडेपर्यंत आरपार चालवायचा असतो, आणि या चित्रात कुठूनही आरपार गेलं तरी एक तुकडा मधोमध चिरला जात होता. भाचा चहा सांगायला आत गेला. मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढून प्लायच्याच पाठीवर बेत आखला. शीट तेवढ्याच लागल्या, फक्त या कापता येत होत्या.

या कामाला हलकं लेखू नये. १९३८ साली लेनिनग्राडच्या प्लायवुड ट्रस्टने लिओनिद कांतोरोविच या तरुण गणितज्ञाला विचारलं, की कोणत्या यंत्रावर कोणतं लाकूड किती वेळ चालवावं? त्यातून निघालेली पद्धत त्यांनी १९३९ मध्ये छापली. माल कमीत कमी वाया जाईल असा कसा कापावा, हेही तीत होतं. १९७५ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आमच्या मिस्त्रींना चहा मिळतो, तोही आईच्या मधुमेहामुळे बिनसाखरेचा.

कांतोरोविच यांची पद्धत पुढे तिथल्याच रेल्वेडब्यांच्या कारखान्यात पत्रे कापायला वापरली. भंगार घटलं. पण कारखान्याला ठरावीक भंगार सरकारजमा करण्याचं उद्दिष्टही नेमून दिलेलं होतं! ते हुकलं आणि बोलणी बसली, असं सांगतात. मला ही गोष्ट फार विनोदी वाटायची.

मग आमची कपाटं उभी राहिली. मिस्त्रींनी ती ६ इंची पट्टीसुद्धा ड्रॉवरच्या बाजूंना लावून टाकली होती. मी खूश. आई मात्र खोलीभर काहीतरी शोधत होती.

"मखराच्या पाठीला तुकडा कुठंय?"

तिच्या लेखी वेस्टेज नावाची गोष्टच नसते. मोठी पोळी लाटून वाटीने कितीही खेटून पुऱ्या पाडा, फटींमध्ये निदान ९ टक्के पीठ उरतंच. ती ते गोळा करून पुन्हा लाटते. प्लाय पुन्हा मळता येत नाही, म्हणून तो माळ्यावर ठेवायचा, एवढाच फरक. मखरामागोमाग इतर दावेही उघड झाले. बायकोने कुंड्यांखाली फळ्या धरल्या होत्या. समोरच्या काकूंना सिलिंडरखाली घालायला तुकडा कबूल झालेला होता, तोही माझ्याच नावाने. आणि सगळा मिळून उरला होता एक त्रिकोण, ज्यावर समईसुद्धा उभी राहिली नसती.

"एवढं लाकूड आणलं आणि देवाला टीचभर नाही?" आई म्हणाली. काकू दारातच उभ्या होत्या. सगळे मिस्त्रींकडे बघायला लागले.

मिस्त्रींनी टेप गुंडाळली. "साहेब," ते मला म्हणाले, "वेस्टेज किती पाहिजे ते मापं देतानाच सांगायचं ना."