साक्षीदार लागतो

आमच्या इमारतीत रविवार ठसक्याने उजाडतो. साडेआठच्या सुमारास वरच्या मजल्यावरचे वकीलसाहेब शिंकतात, मग खालचं तान्हं बाळ, मग कचरा न्यायला आलेला पोरगा. चौथी शिंक माझी. तिच्या पाठोपाठ दारावर थाप पडते आणि समोरचे अप्पा म्हणतात, "उठलास नव्हं? चल, अंडी फोडलीत."

यावर नाही म्हणायची सोय नसते. फोडलेली अंडी कोंबडीला परत करता येत नाहीत.

अप्पा मूळचे कोल्हापूरचे. उभी नोकरी पाटबंधारे खात्यात, कुठल्या ना कुठल्या धरणावर. निवृत्तीनंतर पुण्यात आले, कारण काकूंचं माहेर पुण्याचं. म्हणजे चाळीस वर्षं एकाच ओट्यावर कोल्हापूर आणि पुणे नांदतंय. आमटीत गुळाचा खडा पडला की अप्पा वाटी डोळ्यांशी धरून विचारतात, "ही आमटी म्हणायची का खीर?" काकू म्हणतात, "पानात पडेल ते म्हणायचं." आमटी काकूंकडे गेली ती कायमची. अप्पांच्या वाट्याला रविवारचं ऑम्लेट तेवढं उरलं.

तिखट खाणारे महाराष्ट्रात पैशाला पासरी आहेत. बांधावर बसून भाकरीवर ठेच्याचा गोळा घेणारी बाई चार घासांत जेवण आटोपते, हात धुते आणि कामाला लागते. आपण काही पराक्रम केला असं तिच्या गावीही नसतं. तिखटवीर ही जात वेगळी. त्याला तिखट लागत नाही, साक्षीदार लागतो. अप्पांचा कायमचा साक्षीदार मी.

ऑम्लेट हे निमित्त. खरा ऐवज त्यांच्या सॉसमध्ये. थंडीत ओल्या लाल मिरच्या निघाल्या की अप्पा पिशव्या घेऊन मार्केट यार्ड गाठतात. ब्याडगी रंगाला आणि लवंगी अब्रूला. देठं खुडून मिरच्या लसणाबरोबर जाडसर वाटायच्या आणि किलोला तीस ग्रॅम मीठ घालायचं, तेही काट्यावर तोलून. जन्मभर चिमटीने मीठ टाकणाऱ्या काकू तेव्हा मुद्दाम बाहेरच्या खोलीत जाऊन बसतात. मग हे वाटण काचेच्या बरणीत भरायचं, वर चार बोटं जागा सोडून. दोन-तीन दिवसांत ते आंबायला लागतं, बुडबुडे येतात, वायू कोंडतो आणि झाकण सकाळ-संध्याकाळ सैल करावं लागतं.

इथे अप्पांची नोकरी पुन्हा सुरू होते. बरणीजवळ वही असते. "सकाळी सात. पातळी दोन बोटं वर. दरवाजा अर्धा वळसा उघडला. विसर्ग चालू. वास समाधानकारक." तीन आठवडे अशा नोंदी चालतात. मग त्यात व्हिनेगर घालून मिक्सरमधून काढायचं, गाळायचं आणि बाटल्या भरायच्या. एका वर्षी क्रिकेटच्या नादात दोन दिवस दरवाजा उघडायचा राहिला आणि बरणी फुटली नाही एवढंच. स्वयंपाकघराच्या छतावर तिची लाल पूररेषा अजून आहे. इतर लोक पाहुण्यांना दिवाणखान्यातली स्मृतिचिन्हं दाखवतात, अप्पा छत दाखवतात.

अमेरिकेतल्या लुइझियानात टॅबॅस्कोवाले १८६८ पासून हाच उद्योग करतात आणि मिरचीचा लगदा ओकच्या पिंपांत तीन-तीन वर्षं मुरवतात, असं मी एकदा सांगितलं. अप्पा क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "तीन वर्षं? तेवढ्यात आमच्यात कालव्याचा सर्व्हेसुद्धा हुईत नाही."

तवा लोखंडी, त्यांच्या आईचा. माणशी तीन अंडी. कांदा बारीक, कोथिंबीर भरपूर, टोमॅटो वर्ज्य. "टोमॅटो घातला की पाझर सुटतो," हा खात्याचा शेरा. सॉसचा एक चमचा अंड्यात फेटायचा आणि दुसरा घडी घालण्याआधी आतून पसरायचा. याला अप्पा अस्तरीकरण म्हणतात. "एक ध्यानात ठेव, सॉस तापल्या तव्यावर सांडायचा नाही. वाफ डोळ्यांत जाते," असं ते दर रविवारी सांगतात, आणि दर रविवारी पहिल्याप्रथम चार थेंब तव्यावर टाकतात. पाणी सोडण्याआधी भोंगा वाजवायचा असतो. वकीलसाहेबांची शिंक म्हणजे नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा.

ऑम्लेट माझ्यापुढे येतं, कडेने कुरकुरीत, मध्ये मऊ, घडीतून लाल ओघळ आलेलं. शेजारी तव्यावरच भाजलेला पाव. अप्पा स्वतःची बशी बाजूला ठेवतात आणि चष्मा पुसून माझ्यासमोर बसतात.

मिरचीचा तिखटपणा मोजायची रीत विल्बर स्कोव्हिल नावाच्या अमेरिकन औषधतज्ज्ञाने १९१२ मध्ये काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचा आणि चाखणाऱ्यांना तिखट लागेनासं झालं की थांबायचं. अप्पांना ही पद्धत मुळातच गैर वाटते, कारण तिची सगळी धडपड तिखट न लागण्यापर्यंत पोचायची. ते क्युसेकमध्ये मोजतात. माझे कान तापले की "इशारा पातळी" म्हणतात. कपाळावर घाम आला की "धोका पातळी". नाक वाहू लागलं की खुर्चीत मागे रेलून समाधानाने "उघडले दरवाजे!" म्हणतात आणि तेव्हा कुठे स्वतःचा पहिला घास घेतात.

मी पाण्याकडे हात नेला की ते तांब्या उचलून घेतात. "पाणी घ्यायचं नाही. ह्याच्यावर पाणी चालत नाही. जलम पाण्यात गेलेला माणूस सांगतोय." गंमत म्हणजे हे शास्त्राला धरून आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. पाणी ते नुसतं तोंडभर फिरवून आणतं. दुधातली प्रथिनं त्याला धरून घेऊन जातात. काकूंनी हे कुठे वाचलेलं नाही, पण पाचव्या घासाला गार दुधाचा पेला माझ्या कोपराशी येऊन थांबलेला असतो.

मिरची ही मूळची आपली नव्हेच, अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांनी समुद्रावरून आणलेली, असं मी एकदा म्हणालो तर अप्पा दुखावले.

"आणि त्याच्या आधी कोल्हापुरात लोक काय खायचे?"

"मिरी."

"मग समदी आजारीच असणार."

दुसऱ्यांदा त्यांना सांगितलं की २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल डेव्हिड ज्युलियस यांना विभागून मिळालं, आणि त्यात मिरचीचा मोठा हात होता. कॅप्सेसिन कुठे जाऊन चिकटतं हे शोधताना त्यांना आपल्या मज्जातंतूंवरचा उष्णतेचा पहारेकरी सापडला. सुमारे त्रेचाळीस अंशांच्या वर चटका बसला की ओरडणं हे त्याचं काम. मिरची त्यालाच फसवते. तोंडात आग नसतेच, मेंदूला खोटी तार गेलेली असते. अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मिरची खाल्ली की भाजल्यागत हुतंय, हे सांगायला नोबेल? आमच्या आईला दोन द्यायला पायजे हुते."

गेल्या फेब्रुवारीत पुतण्याच्या लग्नासाठी अप्पा आठवडाभर कोल्हापूरला गेले. जाताना बरणी, वही आणि गेल्या सालची अर्धी बाटली माझ्या हवाली केली. "काकूजवळ ठेवली तर ती गूळ घालील," हे कारण दबक्या आवाजात. मी इमानाने दरवाजे उघडत, मिटत राहिलो.

बुधवारी काकूंनी नाश्त्याला बोलावलं. बशीत तूप लावलेली पोळी आणि साखरांबा. म्हणाल्या, "यांच्यासाठी करते तेवढाच करून ठेवला होता, आता संपवायला कुणी नाही."

"अप्पा साखरांबा खातात?"

"रोज सकाळी दोन पोळ्यांना. वाटी पुसून." काकू हसल्या. "तिखट कशाला खातील? एकट्याने तिखट खाऊन सांगणार कुणाला? रविवारी तेवढं तू येतोस म्हणून."

रविवारी इमारत चुकल्या-चुकल्यासारखी झाली. साडेआठ वाजले, कुणी शिंकलं नाही. वकीलसाहेब जिन्यात भेटले तेव्हा "आज काय, काही नाही?" असं जरा काळजीनेच विचारून गेले. मी घरात येऊन तवा तापवला. पहिले चार थेंब तव्यावर टाकले. वरून शिंक आली तेव्हा बरं वाटलं. सगळं रीतसर केलं, अस्तरीकरणासकट. पहिल्या घासाला कान तापले. चौथ्याला कपाळावर घाम आला. नाक वाहू लागलं आणि मी सवयीने मान वर केली, तर समोर फ्रीज.

अर्धं ऑम्लेट तसंच राहिलं. तेवढ्यात बेल वाजली. पेपरवाला पोरगा महिन्याचं बिल घेऊन उभा होता. विशीचा असेल, शिडशिडीत, कान चांगले मोठे. मी त्या कानांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं असावं.

"बस रे," मी म्हणालो, "अंडी फोडलीत."

आणि आत जाऊन घाईघाईने तीन अंडी फोडली.